गुलकंदातली गोळी

आष्टी
२२ मे २०२५

चि. सौ. रूपालीस,
नलूताईचे आशीर्वाद. आज द्यायला हात उचलत नाही, पण रीत आहे म्हणून देते.

तू माझा फोन नंबर बंद करून टाकलास, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पोस्टमनला बंद करायची सोय तुझ्या मोबाइलमध्ये नसेल. त्या दिवशी तू आणि प्रफुल गाडी घेऊन आलात, गुंजनला इथल्या दवाखान्यातून उचललंत आणि चहाचा घोटही न घेता वर्ध्याला निघून गेलात. जाताना तू आमच्या दुकानासमोर, गिऱ्हाईकं उभी असताना, म्हणालीस की माझं लेकरू यापुढे तुमच्याकडे कधी ठेवणार नाही. सख्ख्या भावाची पोरगी, आणि मी तिची वैरीण! वा गं वा.

आता माझंही ऐक. सुट्टीत गुंजन आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. पूर्वी आली की ही पोरगी गुळाच्या ढेपेवर चढायची, संत्र्याच्या क्रेटमध्ये जाऊन बसायची, आमच्या बंडूजींच्या वजनकाट्याशी खेळून त्यांचं डोकं खायची. हे तिच्यावर ओरडायचे आणि लगेच तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचे. यंदा आली ती दुकानाच्या बाकावर बसून राहिली. विचारलं तेवढंच उत्तर. ताटात वाढलेलं तसंच. लक्ष लागायची गोळी म्हणून तू जे देतेस ना, त्याने लक्ष लागलं असेल, पोरगी मात्र उठून गेली कुठेतरी.

त्या सकाळचंही सांगते, म्हणजे तुझा गैरसमज जाईल. गोळी गिळायला ती कुरकुर करत होती. आपल्या घरात गोळी सबंध कोणी कधी गिळली आहे? तुझ्या सासऱ्यांना, आबांनाही शेवटपर्यंत मीच कुटून दिली. तशीच हिचीही पोळपाटावर लाटण्याने बारीक पूड केली, गुलकंदात कालवली आणि मायेने भरवली. चमचा चाटून खाल्ला तिने. तरी थोड्याच वेळात हात थरथरायला लागले, डोळे मोठे झाले. माह्या छातीत काहीतरी पळून राह्यलं आत्या, असं म्हणत मला बिलगली. गुलकंदाने कोणाची छाती धडधडते का? विष आहे ते, विष!

प्रफुलशी माझं बोलणं झालं आहे. शाळा उघडायच्या आत गुंजनला आष्टीला पाठवा. इथल्या शाळेत सातवीत घालू आणि गोळी बंद करू. तो नाही म्हणाला नाही. माझ्या भावाचं नाही म्हणणं आणि नाही न म्हणणं, दोन्ही मी ओळखते.

लोभ होता तेवढा आहे. पुढचं तुझ्या हाती.

तुझी नणंद,
नलू

---

बोरगाव मेघे, वर्धा
२९ मे २०२५

ती. सौ. नलूताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुंजनला अचानक काय झालं हे आम्हाला कोणालाच कळत नव्हतं. इथल्या डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि मी सांगत होते की गोळी नेहमीचीच दिली. तुम्ही गोळीची पूड केलीत हे तुमच्याच अक्षरात, तेही फुशारकीने, मला पोस्टाने कळलं.

ताई, ती गोळी कुटायची नसते. तिच्यातलं औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं अशीच ती बनवलेली असते. तुम्ही दिवसभराचं औषध एका चमच्यात पोरीच्या पोटात घातलंत. छाती धडधडेल नाही तर काय होईल? ते गोळीने केलं नाही, तुमच्या लाटण्याने केलं. गोळी सबंध गिळायची, सकाळीच द्यायची, हे मी तुमच्या अंगणात उभं राहून सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा हो हो करत तांदूळ निवडत होतात.

आणि ही गोळी मी हौसेने सुरू केली असं तुम्हाला वाटतं का? गेल्या वर्षी गुंजन शाळेतून येताना मांजरामागे धावली आणि ट्रकपुढे गेली. ट्रकवाल्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या अजून कानात आहेत. वर्गात तिला शेवटच्या बाकावर एकटी बसवायचे. एकही मैत्रीण वाढदिवसाला आली नाही. मी घरी शिकवणी घेते, आणि माझ्याच मुलीला गणितात भोपळा! शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया माझ्याकडे कशा बघायच्या ते मलाच माहीत. आधी अठरा मिलिग्रॅमची गोळी होती. तिने बरं वाटलं, पण परीक्षा जवळ आल्यावर पुरेना, म्हणून डॉक्टरांनी छत्तीसची केली. वार्षिक परीक्षेत ती वर्गात चौथी आली. तिचं जेवणखाण उत्तम आहे. डॉक्टरीणबाई दर महिन्याला तिचं वजन करतात, आणि काटा काही माझा नातेवाईक नाही की खोटं बोलेल.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. ऐकून हे म्हणाले की गुंजन कुठेही जाणार नाही. हे तुमच्या भावाचं नाही म्हणणं आहे, ओळखून घ्या.

बंडूभाऊजींना नमस्कार. तुमच्यासाठी आज लोभ शिल्लक नाही, क्षमा असावी.

रूपाली

---

आष्टी
५ जून २०२५

चि. सौ. रूपालीस, आशीर्वाद.

मेडिकलवाल्याला विचारलं. तो तुझ्यासारखंच म्हणाला. ठीक आहे, लाटणं माझं. पण तू अंगणात उभी राहून जे सांगितलंस ते गाडीची चावी हातात नाचवत, मुंबईचं विमान सुटत असल्यासारखं सांगितलंस. कुटू नका, एवढे दोन शब्द त्यात नव्हते. असते तर मी कुटली असती का? मी काय पोरीचा जीव घ्यायला बसले होते?

ते असो. लाटण्याचा दिवस एक. बाकीचे दिवस तर गोळी सबंधच गेली ना पोटात? मग गेल्या दिवाळीला मी भरलेल्या बांगड्या तिच्या हातातून आपोआप गळून का पडतात? सलवारीची नाडी मी दोन ठिकाणी आवळून दिली. तिच्या आवडीच्या पाटवड्या केल्या, तर एक तुकडा तोंडात घोळवत बसली. मले भूकच नाई लागत आत्या, पण आईले नको सांगजो, असं म्हणाली. रूपाली, पोरगी भूक लागत नाही हे आईला सांगायला का भिते? याचं उत्तर तुझ्या काट्याला विचार. आमचा चंदन तिला हसवायला माकडासारखा नाचला, तरी ही नुसती बघत राहिली. असली शहाणी पोरगी मला नको. मला ती क्रेटमध्ये बसणारी परत दे.

वर्गात चौथी आली म्हणे! तुझ्या शिकवणीच्या पाटीला चांगलं झालं. पाटीखाली पोरगी वाळून चालली तर त्याचं काय?

सोळा तारखेला तिला डॉक्टरकडे नेणार आहेस, हे प्रफुलने सांगितलं. मी येते. डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारते.

लोभ तुझ्याकडे संपला असेल तर इथून न्यायची सोय करते. दुकान आहे आमचं.

नलू

---

बोरगाव मेघे
९ जून २०२५

ती. सौ. नलूताईंस, सा. न.

तुम्ही येऊ नका. डॉक्टरांसमोर बोलायला आई पुरेशी आहे.

माझ्या मुलीची काळजी करण्याआधी लहानूभाऊजींची आठवण काढा. तुमचाच धाकटा भाऊ. गुंजनचं निदान झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं की घराण्यात असं कोणी होतं का, आणि मी त्यांचंच नाव सांगितलं. एका जागी न बसणारे, वस्तू हरवणारे, शाळेतून पळून येणारे. तुम्ही त्यांना काय औषध दिलंत? सासूबाईंनी मला स्वतः सांगितलं आहे, त्यांना दोरीने खांबाला बांधायचे आणि तुम्ही दोरी आणून द्यायचात. आज ते कोणत्या गावात आहेत हे तुमच्यापैकी एकालाही माहीत नाही. गुंजनचं तसं होऊ नये म्हणून मी धडपडते आहे. माझ्या गोळीला विष म्हणायचा अधिकार तुमच्या घराला नाही.

एवढं लिहिल्यावर लोभाचं काय लिहू?

रूपाली

---

बोरगाव मेघे
१८ जून २०२५

ती. आत्यास आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे एकच पत्र दोघींना आहे. आई, तू आत्ता स्वयंपाकघरात आहेस, तरी तुला पत्रच देते, कारण बोलायला लागले की माझं वाक्य तूच पूर्ण करतेस. आधी तू वाच, मग बाबा ते आष्टीला पोस्टात टाकतील.

परवा दवाखान्यात तुम्ही दोघी बाकावर बसून भांडत होतात. आत्या दोरीचं ऐकून रडायला लागली आणि रडता रडताही भांडत राहिली. आई एवढ्या जोरात बोलली की आत तपासायला आणलेलं बाळ घाबरून रडलं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मला हाताला धरून आत नेलं. तुम्ही दोघी उठलात तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. आत काय झालं ते तुम्हा दोघींना माहीत नाही, म्हणून लिहिते.

त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि वजन बरोबर आहे म्हणाल्या. मी म्हटलं की हा काटा खोटं दाखवून राह्यला. मग मी सगळं सांगितलं. दवाखान्यात यायच्या आधी आई मला ताकाचे मोठे ग्लास पाजते आणि जाड जीन्स घालायला लावते. भूक कशी आहे असं विचारलं की मी तोंड उघडायच्या आत आई छान म्हणते. वजन कमी दिसलं तर गोळी लहान करतील आणि माझा वर्गातला नंबर जाईल, असं तिला वाटतं. डॉक्टरीणबाईंनी जीन्स काढायला लावली, आत माझी शॉर्ट्स होती. हिवाळ्यापेक्षा माझं वजन जवळजवळ तीन किलो कमी निघालं. उंची फारशी वाढलीच नाही. नाडी पण मोजली.

मग त्यांनी विचारलं की गोळी घेतल्यावर कसं वाटतं. आत्या, तू रागावू नको, पण मला गोळी आवडते. गोळी घेतली की वर्गात बाईंचं वाक्य शेवटपर्यंत ऐकू येतं. नाहीतर पंखा, बाहेरची रिक्षा, कोणाची पेन्सिल, सगळं एकदम ऐकू येतं आणि वाक्य मध्येच हरवतं. मला वेडी म्हणत नाहीत आता. पण आई, मोठी गोळी घेतल्यापासून चंदनदादा नाचला तरी हसू येत नाही. हसायचं असतं हे कळतं, पण येत नाही. जेवण कागदासारखं लागतं. रात्री झोप येत नाही, मी नुसती पडून असते. लहान गोळी होती तेव्हा असं नव्हतं. भुकेचं तेवढं आत्याजवळ बोलले, बाकी हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण आईला सांगितलं तर ती घाबरते आणि आत्याला सांगितलं तर ती सगळ्या गल्लीला सांगते.

आता गोळी पुन्हा अठराची झाली आहे. पोटभर नाश्ता करून मग घ्यायची, सबंध गिळायची. मी दह्याच्या चमच्याबरोबर गिळायला शिकले. संध्याकाळी भूक परत येते, तेव्हा जेवण जास्त घ्यायचं. काल मी तीन पोळ्या खाल्ल्या. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, मला वाटलं ती रागावली, पण ती रडत होती. मला वाईट वाटलं. तरी मी सॉरी म्हटलं नाही.

मी आष्टीला शिकायला येणार नाही. इथे सुद्धा वर्गात चौथी येईनच असं नाही.

आणि डॉक्टरीणबाईंनी बाबांना बोलावून सांगितलं, की गोळ्यांची डबी यापुढे त्यांच्याच कपाटात राहील आणि तेच देतील. आईने नाही, आत्यानेही नाही. बाबांना यातलं काहीच कळत नाही. म्हणून ते रोज गोळी देताना मला विचारतात की काल कसं वाटलं, आणि मी सांगेपर्यंत थांबतात.

तुम्हा दोघींचा माझ्यावर लोभ आहे, हे मला माहीत आहे. तो सध्या थोडा कमी केला तरी चालेल.

तुमची,
गुंजन