ओरिकला ॲडमिरल करा!

२६ नोव्हेंबर २००७, सोमवार

आज सगळं बदललं. साडेतीन वाजता, केबिन रोडवर, दशरथकाकांच्या सायबर कॅफेत, सात नंबरच्या मशीनवर. मृणालिनी – माझ्या वर्गातल्या स्वप्नीलची बहीण, जिच्यामुळे मी रोज दाढी करायला लागलोय – माझ्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, "हा माणूस ॲडमिरल व्हायच्या लायकीचा नाही."

हा माणूस म्हणजे कमांडर ओरिक. 'आयर्न मून्स' गेममधला. दोन भाग आले, तिसरा पुढच्या वर्षी. ऑर्कुटवर मतदान चाललंय – तिसऱ्या भागात ओरिकला अख्ख्या ताफ्याचा ॲडमिरल करावं का? मी प्रचार करतोय, एकेकाला पकडून. आणि ही म्हणते लायकी नाही! वरचा हुकूम झुगारून ज्याने चंद्रावरच्या नऊ हजार माणसांसाठी गेट उघडलं, एकट्याने यान घेऊन निसटला, कुणापुढे वाकला नाही – त्याची?

कारण विचारलं तर म्हणाली, लॉग वाच. लॉग म्हणजे जहाजाच्या भिंतींवरच्या नोंदी. पानंच्या पानं. गोळ्या झाडायच्या सोडून ते कोण वाचतं?

पण ती माझ्याशी सलग चार मिनिटं बोलली. चार!

२७ नोव्हेंबर

नाही वाचणार.

२९ नोव्हेंबर

जेवताना बाबांनी परत काढलं. कॉलेज सोडून दोन महिने झाले, पुढे काय? म्हटलं, तत्त्वासाठी सोडलंय. तर म्हणाले, तत्त्व महिन्याला किती देतं ते विचारून ये. आई पदराआड हसली.

हसा. पण तत्त्वच होतं. फिजिक्सच्या सरांनी अठरा जणांची जर्नलं अडवली, का तर आकृत्या पेन्सिलीने नाही, पेनाने काढल्या. जर्नलवर 'सर्टिफाईड'चा शिक्का नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही. मी काय केलं? सर चहाला गेले तेव्हा टेबलावरचा शिक्का उचलला आणि अठराच्या अठरा जर्नलांवर मारला. ठाप, ठाप, ठाप. मग गठ्ठा स्वप्नीलच्या हातात दिला. म्हटलं, तपासून आलीत, उद्या सगळ्यांना वाटून टाक.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांशी माझं वाजलं, त्या पेनावरूनच. मी तडक बाहेर पडलो तो आजपर्यंत. शिक्क्याचं तोवर कुणाला कळलंही नव्हतं. नंतर जरा बोंबाबोंब झाली म्हणे. स्वप्नीलला विचारलं नाही. तो रोज साडेसातला डबा घेऊन निघताना दिसतो, म्हणजे चाललंय त्याचं.

अठरा जण! ओरिकने दुसरं काय केलं?

१ डिसेंबर

दशरथकाकांना पंच केलं. काका मिलिटरीत हवालदार होते, त्यांचं मत मोलाचं. अख्खी गोष्ट सांगितली – हुकूम, गेट, नऊ हजार. म्हटलं, काका, द्याल ना याला मोठी रँक?

काकांनी आठ नंबरवाल्याचा टाइम संपवला, मग म्हणाले, "शौर्याला मेडल देतात रे बाबा. रँक देताना वेगळं बघतात. गडबड झाल्यावर हा कुठं सापडतो."

म्हटलं, ओरिक कुणालाच सापडत नाही, तीच तर मजा आहे!

"मग मेडलच दे," म्हणाले, आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला गेले.

मिलिटरीतल्या माणसांना कल्पनाशक्ती नसते. एकोणसाठ मतं जमली माझी.

३ डिसेंबर

वाचले लॉग. फक्त तिला तोंडावर उत्तर देता यावं म्हणून.

ओरिक निसटल्यावर त्याच्या जहाजावरच्या चाळीस जणांची चौकशी होते. गेट कुणी उघडलं? कुणीच बोलत नाही. शेवटी चावी सांभाळणाऱ्या पोरीला बडतर्फ करतात. ओरिक दुसऱ्या भागात परत येतो, तिचं नावही काढत नाही. मी तो भाग तीनदा संपवलाय. मलाही ते नाव माहीत नव्हतं.

तरी मृणालिनीला म्हटलं, युद्धात असं होतंच. पोरीने नाव सांगायचं होतं, सुटली असती.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला खुर्ची मागे घ्यावीशी वाटली. मग हळू आवाजात, सायबरमध्ये कुणाला ऐकू जाणार नाही अशा, सगळं सांगितलं. जर्नलं स्वप्नीलच्या बॅगेत सापडली. सर म्हणाले, नाव सांग, तुझी टर्म देतो. तो गप्प. टर्म नाकारली. घरी माहीत नाही. रोज डबा घेऊन मीरा रोडला एका मोबाईलच्या दुकानात जाऊन बसतो, सिमकार्डं विकतो.

"दादाने नाव सांगितलं नाही. मीही सांगणार नाही. पण ओरिकसाठी मतं मागायची असली तर माझ्यासमोर नको मागूस."

गेली. आज किती मिनिटं ते बघितलं नाही.

४ डिसेंबर

मी सांगितलं होतं का त्याला गप्प बस म्हणून? मला फोन करायचा! एक मिस्ड कॉल दिला असता तरी धावत गेलो असतो.

गेलो असतो?

५ डिसेंबर

दुकानात जाऊन आलो. स्वप्नील एका बाईला रिचार्ज करून देत होता. मी भांडायलाच गेलो होतो, की एवढा शहाणपणा तुला सांगितला कुणी. मला बघून त्याने डब्यातली अर्धी पोळी पुढे केली. म्हटलं, काय रे हे? तर म्हणाला, "सोड ना, जितू. तुझं आधीच घरी वाजलंय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

परीक्षा सोमवारी.

७ डिसेंबर, सकाळ

प्रिन्सिपल आठला येतात. माफी मागणार नाही. पेनाने काढलेली आकृती आजही आकृतीच आहे, हे त्यांच्या तोंडावर सांगणार. आणि सांगणार की शिक्का मी मारला, स्वप्नीलला काहीच माहीत नव्हतं, त्याला सोमवारी बसू द्या. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, मी तिथेच बाकावर बसलेला सापडेन. मृणालिनीला यातलं काही कळता कामा नये.

बाबांनी पेपरमधून डोकं काढून विचारलं, कुठे? म्हटलं, कॉलेजला. ते काहीतरी बोलायला उठले. मी थांबलो नाही.

हे जिन्यात उभा राहून लिहितोय. दार मागे ओढून घेतलंय.