आधी पाणी, मग किल्ली

नाशिक,
१० फेब्रुवारी २०२३

ती. स्व. आक्कास,
झुंबरचा शि. सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू डब्यात घालून ठेवतेस, म्हणून या वयात मला अक्षर नीट काढावं लागतंय. लता हसते. म्हणते, बहिणीच्या निमित्ताने तरी घरात पेन सापडलं.

महेशने घर घेतलंय ती बिल्डिंग आता आमच्या गच्चीच्या वर गेली. पाचव्या मजल्यावरची डाव्या हाताची गॅलरी त्याची. सायलीला दिवस गेल्याचं कळल्यापासून लताने ठरवून टाकलंय की डोहाळे तीच पुरवणार. मनाली लग्न होऊन नागपूरला गेल्यापासून आमचं घर फार शांत झालंय. भाचा आणि भाचेसून शेजारी येतायत याचा आनंद शब्दांत मावत नाही.

पण एक काळजी आहे. दोन-तीन वर्षांत इथे मोठमोठ्या बिल्डिंगा आल्या, पाण्याची लाइन मात्र बैठ्या घरांच्या काळातलीच. नळाला करंगळीएवढी धार येते. गल्लीच्या टोकाला गोजराबाई एकट्या राहतात, त्यांच्या नळातून तर नुसती हवा येते. म्हणून कॉलनीने अर्ज लिहिलाय की नवी टाकी आणि मोठी लाइन होईपर्यंत महेशच्या बिल्डिंगला नळजोडणी देऊ नये. जोडणी नाही तर राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला नाही, आणि दाखला नाही तर ताबा नाही. मी कॉलनीचा अध्यक्ष, पहिली सही माझी हवी. काय करू?

दाजींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
झुंबर

देवळा,
२१ फेब्रुवारी २०२३

चि. झुंबर यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडं कांदा काढणीची धांदल हाय. बाया मिळत नाहीत, म्हणून तुझे दाजी स्वतः वाफ्यात बसतात आणि संध्याकाळी कंबर धरून मलाच बोलतात. बाकी ठीक.

तुझं पत्र वाचून जेवण गोड लागलं नाय. कॉलेजची वर्षं महेशने तुझ्याकडं काढली. मामाच्या शेजारी राहायचं म्हणून सातपूरचं स्वस्तातलं घर सोडून त्याने हे घेतलं. आणि त्याचं पाणी तू अडवणार?

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नवी बिल्डिंग झाली की माणसं वाढतात, रस्ता, पाणी, गटार सगळंच वाढवावं लागतं, म्हणून महापालिका बांधणाऱ्याकडून विकास शुल्क घेते. बांधणारा ते काय खिशातून भरतो? घराच्या किमतीत धरतो. म्हणजे पाइपाचे पैसे माझ्या पोराने आधीच भरलेत. मग पाइप टाकायचा सोडून पोरालाच अडवायचं, ही कुठली रीत?

सही करू नको. आई म्हणून सांगते, आणि थोरली म्हणूनही. लताला सांग, सायलीला फार आंबट खाऊ घालू नको.

तुझं सगळं नीट होवो.

आक्का

नाशिक,
१९ मार्च २०२३

ती. स्व. आक्कास,
शि. सा. न.

वाईट बातमी दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहितो. मी सही केली.

महिनाभर अर्ज टाळत होतो. शेजारचा जीवन येऊन विचारायचा, मी चष्मा सापडत नाही म्हणायचो. मग परवा गोजराबाई पलीकडच्या बोअरवरून हंडा आणताना पायरीवर घसरल्या. मनगट मोडलं. जीवनने आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. प्लास्टर होईपर्यंत त्या कण्हल्या नाहीत, फक्त विचारत होत्या की हंड्याला पोचा तर नाही ना पडला. घरी आलो आणि सही केली. आक्का, या गल्लीत आणखी चाळीस घरांचे नळ जोडले तर त्या म्हाताऱ्या बाईने प्यायचं काय?

महेशला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि कंपनीत जायला निघाला. त्यानंतर आलेला नाही. लता पोळ्या वाढते आणि माझ्याकडे न बघता आत जाते.

रागावलीस तरी पत्र लिही. रागाचं लिही.

तुझा,
झुंबर

नाशिक,
९ एप्रिल २०२३

ती. स्व. मामांस,
सायलीचा सा. न.

एकाच गावात राहून पत्र लिहितेय याचं तुम्हाला हसू येईल. फोनवर मला रडू आलं असतं, म्हणून हे.

आईंनी तुम्हाला उत्तर लिहिलं नाही, हे मला माहीत आहे. त्या रागावल्यात. महेश रागावलेला नाही, दुखावला आहे. रोज ऑफिसमधून येताना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू करतो आणि पुढे निघून जातो. परवा मी मागे बसले होते म्हणून कळलं.

मामा, तुमच्या अर्जाची नक्कल मी मागवून वाचली. त्यात आम्हाला येऊ देऊ नका असं कुठेच नाही. आधी पाणी द्या, मग त्यांना येऊ द्या, असं आहे. मग आमचं तरी वेगळं काय म्हणणं आहे? पाचव्या मजल्यावर तान्हं बाळ घेऊन मी टँकरची वाट बघत बसू का? बिल्डिंगमध्ये घरं घेतलेल्यांना मी हेच बोलले. आधी खूप गरम झाले, मग बरेच जण तयार झाले. आता आमचाही अर्ज जातोय. आमच्याकडून घेतलेलं शुल्क या भागाच्या पाण्यासाठी आधी वापरा, एवढंच मागणं आहे.

पुढच्या आठवड्यात महापालिकेत दोन्ही अर्जांवर सुनावणी आहे. तुम्ही या आणि महेशच्या शेजारी बसा. समोरासमोर बसू नका. मामींना सांगा, कैरीची आठवण येते.

तुमची,
सायली

नाशिक,
२३ एप्रिल २०२३

ती. स्व. आक्कास,
शि. सा. न.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिणारच.

सुनावणी झाली. बिल्डरचा माणूस म्हणाला, आम्ही शुल्क भरलं, आमचं काम संपलं. महापालिकेच्या इंजिनिअर बाई शांतपणे म्हणाल्या की सगळ्या शहराचं शुल्क एकत्र जमा होतं आणि जिथली नड मोठी तिथे आधी लागतं. दोन वर्षं ते दुसऱ्या टोकाला लागलं, तिथे तर लाइनच नव्हती. खोटं वाटलं नाही. त्या भागातल्याही बायकांचे हात मोडत असतील.

मग महेश उठला. माझ्या शेजारीच बसला होता. म्हणाला, मी घराच्या किमतीत पैसे दिले, या गोजराबाई इतकी वर्षं घरपट्टी भरतायत, आणि आम्हा दोघांना तुम्ही एका नळापाशी भांडायला उभं केलंय. आम्हाला भांडायचं नाही. आक्का, गोजराबाई प्लास्टरचा हात गळ्यात बांधून मागे बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच त्याला शंभर वर्षं जग असा आशीर्वाद दिला. सुनावणी घेणारे साहेबही हसले.

ठरलं असं की टाकी आणि लाइन याच वर्षी हाती घ्यायची आणि लाइनला पाणी आलं की बिल्डिंगला दाखला. म्हणजे ताबा लांबला. महेशने ते समजून मान डोलावली. बाहेर आल्यावर त्याने गाडी सुरू केली आणि मला म्हणाला, मामा, बसा.

घरी लताने पानं वाढली आणि जाहीर केलं की भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसायचं कारण नाही, दोघांनी इकडे राहायला यायचं. आज सामान आलं. बाळंतपण इथेच होईल. तुला यावंच लागेल. माझ्याशी बोलू नकोस, नातवंडाशी बोल.

तुझा,
झुंबर

नाशिक,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आक्कास,
शि. सा. न.

बाळंतपणाला येऊन तू तीन महिने राहिलीस आणि पहिले आठ दिवस खरोखर माझ्याशी बोलली नाहीस. नवव्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणून ओरडलीस, तेव्हा जिवात जीव आला.

लाइनला पाणी आलं. गोजराबाईंनी नळ सोडला तर धारेने बादलीच कलंडली. त्यांनी साऱ्या गल्लीला गूळ वाटला. महेशला दाखला मिळाला, किल्ली मिळाली, काल घरभरणी झाली.

आता खरं सांगतो. गेल्या महिन्यात इंजिनिअर बाई म्हणाल्या की काम संपत आलं, तेव्हा गल्लीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण मनात आलं, अजून थोडं लांबलं असतं तर काय बिघडलं असतं. तुझी नात घरभर दुडदुडते, माझा चष्मा लताच्या पिठाच्या डब्यात टाकते, मला मामाआजोबा म्हणायला शिकवलं तर नुसतं माम म्हणते.

काल सामान गेलं. खोली रिकामी झाली तसा मी गच्चीवर जाऊन बसलो. मागून महेश आला. मी म्हणालो, पाळण्याच्या कड्या छताला राहिल्यात, काढून ने. तो म्हणाला, राहू द्या. सायली पुढच्या आठवड्यापासून कामावर जाणार, पोर दिवसभर इथेच असणार. मग म्हणाला, मामींना मी हे महिन्याभरापूर्वीच विचारलं होतं, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?

कोणी सांगितलं नव्हतं. लता खाली हसत होती.

आज सकाळी सायली पोरीला कडेवर घेऊन आली. मी पाणी भरत होतो. पोरीने दोन्ही हात नळाखाली धरले आणि मला नखशिखांत भिजवलं. शर्ट वाळत घालून मग हे लिहायला बसलो.

दिवाळीला या. माया कमी करू नकोस.

तुझा,
झुंबर