सनाबद्दल मी जे बोलले

गुरुवार, मगरिबच्या नमाजानंतर. अजमान

कॉलेजच्या मुलींच्या क्लबात मला घेतलं, सनाला नाही. शेवटच्या इंटरव्ह्यूत सीनियर मुलींनी विचारलं होतं, "तुम्हा दोघींतली एकच घ्यायची, तर कोणाला?" मी पटकन म्हटलं, "सनाला संध्याकाळी थांबता येत नाही, अब्बा सोडत नाहीत तिला." खोटं नव्हतं. पण सनाने ते मला एकटीला, रडत सांगितलं होतं.

बसमध्ये तिने माझा हात दाबून मुबारक म्हटलं. मग विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारलं का गं?" मी म्हटलं, नाही. का म्हटलं?

घरी येऊन राहवेना. फोन लावला, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मलाही तेच विचारलं होतं. मी म्हटलं, तिलाच घ्या."