मामांच्या सहीची वाट

लिलोंग्वे,
१८ एप्रिल १९९८

तीर्थरूप लामेकमामांना तियामिकेचा गुडघे टेकून नमस्कार.

वि. वि. इकडे मैत्रिणीच्या, दैलेसच्या घरी मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे ते तिला विचारू नका, तिला चालताना बघा आणि कळवा. विचारलं की ती बरा आहे म्हणूनच सांगते.

व्हिसाचं काम पुन्हा अडलं. फर्गसची बायको म्हणून स्कॉटलंडला जायचं, तर आधी मी त्याची बायको आहे हे दाखवायला हवं. म्हणून लग्नाचे फोटो दिले. कचेरीतल्या बाईंनी एकेक फोटो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, यात नवरी कुठे आहे. मी बघितलं तर खरंच की! बारांपैकी नऊ फोटोंत तुम्ही आणि फर्गसच्या बाजूने उभे राहिलेले काझेम्बे मिस्त्री, एकाच्या हातात कोंबडा, दुसऱ्याच्या हातात कोंबडी. दोन फोटोंत नुसता कोंबडा. एकात मी आहे, चटईवर, मान इतकी खाली की डोक्याचा रुमालच दिसतो. फर्गस कुठेच नाही, कारण फोटो तोच काढत होता. बाई म्हणाल्या, लग्न या दोन गृहस्थांचं लागलेलं दिसतंय.

मी त्यांना समजावलं की आमच्यात लग्न न्खोस्वे, म्हणजे दोन्ही घरांच्या वतीने बोलणारे वडीलधारे, लावतात, मुलीकडून मामा उभा राहतो, तोच बोलतो, कोंबडाकोंबडीची देवाणघेवाण झाली की लग्न झालं. त्या म्हणाल्या, मग हेच दोघांकडून लिहून आणा, सही आणि गावच्या मुखियाचा शिक्का घेऊन. आणखी एक वाट त्यांनी सांगितली, पण ती मला नको आहे. काझेम्बे मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी कागद दिला. आता तुमचा राहिला.

छातीचा एक्सरे २० मार्चला काढलाय, तो सहाच महिने चालतो. २० सप्टेंबरच्या आत सगळे कागद गेले नाहीत तर पहिल्यापासून सगळं. फर्गस जाऊन चौदा महिने झाले. तेवढं लवकर करा.

लोभ आहे तो आटू देऊ नये, ही विनंती.
आपली भाची,
तियामिके

लोबी,
९ मे १९९८

चिरंजीव तियामिकेस मामाचे भरभरून आशीर्वाद.

विशेष हे की तुझं पत्र बटाट्याच्या ट्रकवाल्याने आणून दिलं. एकतीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, आता मी लग्नाला हजर होतो याचा दाखला माझ्याकडेच मागतात. कोंबड्याचे फोटो चांगले आले हे वाचून समाधान वाटलं. तो आहेच तसा. अजून अंगणात मुखियासारखा हिंडतो, तुझ्या आईवर धावून जातो. ती रोज म्हणते, कधी कापणार. मी म्हणतो, भरू दे अजून जरा.

सोबत चार पानी पत्र जोडलं आहे. मनापासून लिहिलंय.

तुझ्या नवऱ्याला कळव की त्याने इथे गावात बसवलेल्या पाण्याच्या पंपांपैकी तीन बंद पडले आहेत. आपल्यात जावई बायकोच्या गावी येऊन राहतो, मुलगी जात नाही. तुझा बाप आला तो एक कुदळ आणि एक घोंगडी घेऊन, आणि मरेपर्यंत कुरकुरला नाही. त्यांच्या देशात जावयांना चालता येत नाही का, एवढं विचार.

आईचा गुडघा पायरी चढताना दुखतो. घेवडा यंदा बरा आला.

तुझ्या भल्याचंच चिंतणारा,
लामेकमामा

लिलोंग्वे,
६ जून १९९८

तीर्थरूप मामांना नमस्कार.

वि. वि. चार पानं वाचून मी आणि दैलेस पोट धरून हसलो. दोन पानं कोंबड्यावर, एक आजोबांवर, उरलेलं माझ्या लहानपणच्या खोड्यांवर. पण शेवटी ना सही, ना शिक्का. बाईंनी कागद परत केला. सकाळी सहाला बाकावर बसले होते, दुपारी दोनला नंबर लागला आणि पाच मिनिटांत बाहेर आले. घरापर्यंत चालतानाही कंटाळा आला.

फर्गसला चालता येतं, मामा. त्याच्या वडिलांना येत नाही. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली. घास भरवायचा, कूस वळवायची, शिवाय मेंढ्या आहेत, आणि घरात हा एकटा. मी येऊ का, असं त्याने तीनदा लिहिलं. नको, असं मीच तीनदा कळवलं. असल्या बापाला टाकून येणारा जावई तुम्हाला तरी आवडला असता का?

आणि आपल्या घरात लग्नाचा कोंबडा आठवड्यात शिजतो, सगळ्यांना वाटला जातो, तेव्हा कुठे मुलगी दिली असं मानतात. हा पावणेदोन वर्षं कसा जगला?

सही आणि शिक्का. एवढंच.

आपली,
तियामिके

लोबी,
११ जुलै १९९८

चि. तियामिकेस अनेक आशीर्वाद.

विशेष, उशीर झाला त्याला मी काय करणार. मुखिया न्चेउला एका मयताला गेले ते दोन आठवडे आलेच नाहीत. आले तर शिक्क्याची शाई वाळलेली. शाई आणायला डेझाला माणूस पाठवला, तर दुकान बंद. अखेर शिक्का मिळाला. सही माझीच आहे, ओळखशील. या खेपेला कोंबड्याबद्दल एक ओळही नाही.

थंडी फार आहे. तुझी आई चुलीपासून हलत नाही. तिने विचारलंय, तिकडे न्सिमाला मक्याचं पीठ मिळतं का.

मला दुसरंच विचारायचं आहे. तिकडे तुला मुलं झाली तर त्यांचा मामा कोण? तुला भाऊ नाही. त्यांच्या लग्नात कोण बोलेल? तिकडे म्हणे ज्याचं त्यानेच बोलायचं असतं. मला हे काही पटत नाही.

कळावे. कान टोपीत ठेवावे.
लामेकमामा

लिलोंग्वे,
८ ऑगस्ट १९९८

तीर्थरूप मामांना नमस्कार.

वि. वि. कागद परत आला. लग्नाचं साल तुम्ही १९८६ लिहिलंत. १९८६ साली मी पाचवीत होते, तुमच्याच वर्गात.

सहा आठवडे उरले. फर्गस लिहितो की वडिलांना माझं नाव आता नीट म्हणता येतं, रोज एकदा म्हणतात. त्याने खोलीला रंग दिला तो गेल्या वर्षी. आता तो रंगही उडायला लागलाय.

मी रागावले नाही, मामा. नुसती दमले आहे.

तियामिके

लोबी,
२९ ऑगस्ट १९९८

चि. तियामिके,

आशीर्वाद लिहायलाही आज हात धजत नाही.

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळली. तिला अक्षर येत नाही, पण तिने कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, गाळलंस ते वाच. मी वाचलं. सकाळी ती तसल्या गुडघ्याने काठी टेकत मुखियाच्या घरी गेली, आणि मुखिया जून महिन्यात कुठे होते हे त्यांच्या बायकोला विचारून आली. मग अंगणात उभं राहून तिने मला जे सुनावलं ते अर्ध्या गावाने ऐकलं. म्हणाली, लेक माझी, पोटात मी वाढवली, मी तिला जा म्हटलं, आणि तू कोण लागून गेलास तिची वाट अडवणारा.

मुखिया कुठल्या मयताला गेले नव्हते. शाई वाळली नव्हती. पहिल्या पत्रावर सही करायची मी विसरलो नव्हतो. आणि एकतीस वर्षं रोज फळ्यावर तारीख लिहिणारा माणूस साल चुकत नाही, हे तुला मी सांगायला नको.

दुसऱ्या न्खोस्वेंच्या मागे चारचार बहिणी असतात, त्यांच्या लेकी, लेकींची लेकरं. मयताला, लग्नाला गेले की मागे रांग चालते. माझ्यामागे तुम्ही दोघी. तू गेलीस की मी कोणाचा मामा? हे तुला तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून कागदाची खेळी केली. कोंबडाही त्याचसाठी ठेवला. शिजला असता तर तुला दिली असं झालं असतं. तुझ्या लग्नात मी तुझ्यासाठी बोललो, आणि नंतर पाच महिने तुझ्याच विरुद्ध गप्प बसलो. मला लाज वाटते.

सोबत कागद आहे. सही, शिक्का, साल १९९६. तीनदा तपासला. या वेळी ट्रकवाल्याच्या हातात मी स्वतः दिला आणि ट्रक वळेपर्यंत उभा राहिलो.

जमलं तर माफ कर.
लामेक

लिलोंग्वे,
१६ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप मामांना तियामिकेचा गुडघे टेकून नमस्कार.

वि. वि. कागद मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, तीन तारखेला, दिला. काल पासपोर्टवर व्हिसा उमटला. चार ऑक्टोबरचं विमान आहे. आनंद झाला असं लिहायचं होतं, पण खरं सांगते, घरी येऊन चौदा तास झोपले. दैलेस दोनदा श्वास बघून गेली म्हणे.

आता माझंही ऐका. एप्रिलमध्ये बाईंनी जी दुसरी वाट सांगितली होती ती ही, की मामाच हवेत असं नाही, लग्नाला हजर असलेला कुणीही वडीलधारा लिहून देऊ शकतो. दैलेसचा नवरा हजर होता. तो त्याच संध्याकाळी सही करायला पेन उघडून बसला होता. मी नको म्हटलं. जूनमध्ये नको म्हटलं, ऑगस्टमध्येही. दैलेसने मला वेडी ठरवलं, फर्गस महिनाभर रुसला. १९८६ वाचलं तेव्हाच तुमच्या मनातलं मला कळलं होतं. तरी कागद तुमच्याकडेच परत पाठवला. दुसऱ्याच्या सहीवर व्हिसा मिळाला असता, पण मग मी पळून गेलेली झाले असते. मला दिलेली व्हायचं होतं.

भीती वाटत नव्हती असं नाही. ऑगस्ट संपत आला तशी मी रोज उरलेले दिवस मोजत होते. तुम्ही लिहिलं नसतं तर काय केलं असतं, ते मला अजून माहीत नाही.

कागद घेताना बाईंनी विचारलं, एका सहीसाठी पाच महिने का थांबलात. मी म्हटलं, मला मामा एकच आहे. तुम्ही कोणाचे मामा, याचं उत्तर कचेरीत नोंदवलेलं आहे. माझ्या मुलांसाठी कोण बोलणार, तर तुम्हीच. तेवढी वर्षं जगायचं आणि पत्रात तारखा नीट घालायच्या.

रविवारी सकाळच्या मिनीबसने येते. आईला सांगा, भोपळ्याची पानं मी खुडीन, तिने वाकू नये. आणि मामा, मी पोचायच्या आत कोंबडा कापून ठेवा.

तुमचीच भाची,
तियामिके