रंगवलेले पन्नास किलो

३ मार्च

घोळ केला! व्यायामशाळेतल्या वजनांवर आकडे रंगवायचं काम होतं. कोणतं वजन किती किलोचं, ते वस्तादांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मी सवयीने ब्रश पुसला तो नेमका त्या चिठ्ठीला. मग काय — अंदाजपंचे रंगवलं. घरी आल्यावर लख्ख आठवलं, मोठ्या बारवर ५० घातलेत, तो तर चाळीसचा!

रंग वाळला. वस्तादांना सांगायची हिंमत नाही.

५ मार्च

चाळीसच्या पुढे मी आयुष्यात गेलो नाही. आज तो बार सगळ्यांसमोर सहज डोक्यावर नेला. "दाजी, पन्नास!" मेहुणा ओरडला. खरं सांगणार होतो, तेवढ्यात टाळ्या पडल्या. मला कधी टाळ्या पडल्यात? राहिलंच सांगायचं.

७ मार्च

मेहुण्यानेही उचलला! म्हणे, "एवढं पोट घेऊन दाजी उचलतात, मग मी का नाही?" हा काडीपैलवान! पाण्याची बादली उचलण्याआधी बसून घेणारा!

८ मार्च

पंचाईत. वस्तादांनी रविवारच्या स्पर्धेत त्याचं नाव दिलं. तिथली वजनं दुसऱ्या व्यायामशाळेची, म्हणजे खरी. पोरगा चारचौघांत तोंडघशी पडणार, तेही माझ्यामुळे.

बायकोला सगळं सांगितलं. "त्याला एक शब्द बोललात तर याद राखा! पहिल्यांदा मान वर करून चालतोय तो."

चालतोय खरा. फार वाईट वाटतंय.

९ मार्च

जेवण जात नाही. बायको म्हणते, बरंच आहे, पोट उतरेल.

११ मार्च, सकाळी

ठरलं. सांगायचंच. पण नुसत्या शब्दावर तो ऐकणार नाही. बार खांद्यावर टाकून समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेतो. चाळीसच तर आहे! आधी आकडा बघतो, मग मेहुण्याला बोलावतो आणि सरळ त्याचे पाय धरतो.

११ मार्च, दुपारी

नेला. वाटेत शीळही घातली.

काटा पन्नास दाखवतोय! भंगारवाल्याने काट्याला थापट्या मारल्या. तरी पन्नासच. म्हणजे मी बरोबर रंगवलं होतं! मेहुणा उद्या उचलणार! आनंदाने भंगारवाल्याला मिठी मारली. तो बिचारा घाबरला.

११ मार्च, संध्याकाळी

बार अजून काट्यावरच आहे. माझ्याच्याने तसूभर हलत नाही. मेहुण्याला बोलावलंय.