दोन काठांची मंडळी

प्रिय आप्पा,

सलाम.

आज टाकव्यात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लोणावळ्याची गाडी येईपर्यंत कान्हे स्टेशनच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. तुम्ही असतात तर इथवर पोचवायला आला असतात, आणि वाटभर मला एक शब्द बोलू न देता स्वतःच बोलत राहिला असतात!

आधी तुमच्यावरचा राग. बी.ए.चा निकाल लागेपर्यंत थांबायला काय झालं होतं? आपल्या घरातली पहिली पदवी, आणि ती गावभर ओरडून सांगायला तुम्हीच नाही! शेवटी आईनं गोठ्यात जाऊन म्हशीला सांगितलं. म्हैस रवंथ करत राहिली.

आता आजची गोष्ट. पुण्याच्या मिशनकडून निरोप आला होता. लढाईमुळे परदेशातली मदत आटली आहे, टाकव्याला उपदेशक ठेवणं यापुढे जमणार नाही. टाकव्याला स्वतःचं देऊळही नाही, तेव्हा सगळ्या ख्रिस्ती घरांनी लोणावळ्याच्या मंडळीत सामील व्हावं. म्हाताऱ्यांनी दर रविवारी लोणावळ्याला कसं जायचं, ते निरोपात नव्हतं. म्हणजे आपली मंडळी बंदच की! आज उपासनेनंतर आपल्या पडवीत त्याचा निर्णय व्हायचा होता.

देऊळ का नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तुम्ही म्हणायचा, नदीच्या अलीकडे, गावाला लागून बांधायचं. शामूआण्णा म्हणायचे, पलीकडे, त्यांच्या वाडीत. तुमचा बालमित्र, तुमच्या भजनाचा मृदंगवाला, आणि देवळाचा विषय निघाला की तुमचा हाडवैरी! दोन्ही काठांवर दगड गोळा करून ठेवलेत तुम्ही. त्यांवर शेवाळ चढलं, पण कोणी माघार घेतली नाही.

त्या आषाढात नदीवरचा साकव वाहून गेला, आठवतं? त्याआधी कितीतरी दिवस तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता. रविवारी तुम्ही आम्हाला घेऊन काठावर उभे राहिलात, जिथे पात्र अरुंद आहे तिथे. पलीकडे वाडीची माणसं इरली घेऊन उभी. तुम्ही टाळ वाजवून भजन उचललंत. पहिलं कडवं साथीशिवाय गेलं. दुसऱ्याला तिकडून मृदंग घुमला! पण ठेका पाण्यावरून येईपर्यंत तुमची ओळ पुढे निघून गेलेली.

“शाम्या, ठेका मागं पडतुया!”

“मधी नदी हाय, याकूबा! तूच हळू गा की!”

इतक्या दिवसांनंतरचे तुमचे पहिले शब्द हे! शेजारच्या शेतातले बारकूआबा तर हसून हसून बांधावर बसले.

हसणं फार वेळ टिकलं नाही. आपली भाताची रोपं पुरानं नेली होती. पलीकडे शामूआण्णांची बायको, राहेलमावशी, हिवतापानं फणफणली होती, आणि कोयनेलच्या गोळ्या आपल्या घरात. शेवटी बारकूआबाच पुढे झाले. “तुमी गात बसा, मी दोर फेकतो,” म्हणाले. सुतळीला दगड बांधून त्यांनी गोफणीसारखा गरगर फिरवला आणि दिला भिरकावून. तो पडला थेट शामूआण्णांच्या पायाशी.

“मला मारायचा व्हता व्हय रं, याकूबा?”

“तुला मारायचं असतं तर मी सोता फेकला असता!”

सुतळीमागून जाड दोर गेला, दोराला दुरडी लटकली. कोयनेल तिकडे गेलं. परत येताना दुरडीत भाताच्या रोपांच्या जुड्या होत्या, आपल्या खाचरासाठी. कोणी मागितल्या होत्या? तुम्ही एक जुडी हातात धरून उभे राहिलात आणि काहीच बोलला नाहीत. तुम्ही, गप्प! मग आईनं भाकरी मोडून अर्धी दुरडीत ठेवली. प्रभुभोजन नव्हतं ते, पाळक कुठे होते? पण कॉलेजात श्रद्धेवर एवढं वाचलं, तरी अजून मला आधी ती दुरडीच दिसते, गढूळ पाण्यावरून हेलकावे खात जाणारी.

पाणी उतरेपर्यंत रोज संध्याकाळी तुम्ही दोघं आपापल्या काठावर येत होता. सुखाच्या दिवसांत कधी इतकी प्रार्थना केलीत का हो?

आणि तरीही देऊळ बांधलं नाहीत! एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे. तुम्हा दोघांना जागेपेक्षा भांडणच जास्त प्यारं होतं, असा मला अजून संशय आहे.

तर आज पडवीत सगळे खाली मान घालून बसले होते. “जाऊ लोणावळ्याला. दुसरं काय करनार?” कोणीतरी पुटपुटलं. तेव्हा शामूआण्णा उठले. आता वाकलेत फार.

“मी न्हाई जायाचा. उपदेशक न्हाई तर न्हाई. आळीपाळीनं आपुनच बोलू. पयल्यांदा याकूबाची लेक बोलंल. बी.ए. झालीया ती काय निस्ती मिरवायला?” मग म्हणाले, “आन देऊळ हितंच बांधा, अलीकडं. भांडायला हाय कोन आता?”

तुम्ही जिंकलात, आप्पा! पण कोणाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. राहेलमावशी पदरानं डोळे पुसत होती.

“पन दार नदीकडं पायजे,” शामूआण्णा म्हणाले. “वाडीवाल्यांनी वळसा का म्हून घालायचा?”

“नदीकडं?” आई ताडकन उठली. “पाऊस तिकडूनच येतो, भावजी! समदं देऊळ भिजंल!”

“भिजू दे! बाप्तिस्म्याला न्हाई भिजला व्हय?”

मग जे काय पेटलं म्हणता! वाडीवाले एकीकडे, गाववाले एकीकडे. राहेलमावशी डोळे पुसायचं विसरून स्वतःच्याच नवऱ्याविरुद्ध उभी राहिली. लोणावळ्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मी निघाले तेव्हा बारकूआबाही पडवीत येऊन, देऊळ आपलं असल्यासारखे, दार कुठं हवं ते सांगत होते. असा गलका तुम्ही गेल्यापासून घरात ऐकला नव्हता. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सिग्नल पडला. तुम्हाला एक वचन देते. येत्या रविवारी मी बोलेन, आणि राहेलमावशीला समजेल असंच बोलेन. पुढेही लोणावळ्याच्या शाळेत शिकवण्याचं कितीही काम असलं तरी शनिवारची गाडी चुकवणार नाही. भिंती उभ्या राहतील तेव्हा दोन्ही काठांवरचे दगड वाहायला मीही असेन. दाराबद्दल मात्र कसलंही वचन देत नाही. आई म्हणते तेच खरं आहे, पाऊस तिकडूनच येतो.

तुमची लेक,
सुवार्ता