शेंदूर आणि शिसं

६ ऑक्टोबर, सोमवार

शिसं! निपाणीच्या बसच्या इंजिनाच्या तेलात शिसं एकदम चढलंय. गेल्या खेपेच्या तेल-तपासणीच्या रिपोर्टमध्ये नावालाही नव्हतं.

बेअरिंगच्या अंगावर शिसं-कथलाचा पातळ थर असतो, त्याखाली तांबं, पाठीला लोखंड. वरचा थर झिजला की तेलात उतरतो. तांबं अजून हद्दीत आहे — म्हणजे हाताशी वेळ आहे. आत्ता इंजिन उघडलं तर नुसती बेअरिंगं बदलून भागेल.

रिपोर्ट घेऊन नागेंद्रकडे गेले. वर्कशॉपचा मुख्य, सगळ्यांचा अण्णा! कागद हातातही घेतला नाही. "दिवाळीच्या तोंडावर गाडी उभी करू व्हय? इंजिनाचा आवाज ऐका मॅडम, कागदाचं काय ऐकताय?" आवाज यायला लागेल तेव्हा बेअरिंग संपलेलं असेल, हे या माणसाला कोण सांगणार? मी सांगितलं. उठून चहाला गेला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज मालकांच्या केबिनमध्ये विषय काढला. नागेंद्रला बोलावलं. आला तोच हसत.

"साहेब, खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली न्हवं? डायवर भीमाप्पानं तेल भरायच्या झाकणाला आतनं-बाहेरनं शेंदूर माखलाय. शेंदरात शिसंच असतंय. मोबाईलवर बघा." मग माझ्याकडे वळून — "तुमच्यात खंडेनवमी न्हाय मॅडम. तुम्हाला कसं ठाऊक असणार!"

मालक हसले. दारातला वॉचमनसुद्धा हसला.

तुमच्यात! दसऱ्याला मी विहारात होते, पांढरी साडी नेसून, आईबरोबर. हे सगळ्या वर्कशॉपला माहीत आहे आणि म्हणूनच तो बोलला. इंजिनिअरिंगला पहिला वर्ग, इतकी वर्षं या धंद्यात, आणि शेवटी माझी किंमत काय, तर तुमच्यात!

मी म्हटलं, कथीलही थोडं वाढलंय, शेंदरात कथील नसतं. "थोडं," मालक म्हणाले. "थोडंच ना?" गाडी चालू राहणार.

८ ऑक्टोबर

शेंदूर म्हणजे शिसंच. रात्री जुनं पुस्तक काढून पाहिलं. बरोबर बोलला मेला! यानं जास्तच अंगाची आग झाली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चहाच्या टपरीवर माझं नवीन नाव ऐकलं — शेंदूर मॅडम. वेल्डिंगवाला रवळू पाठमोरा होता, त्याला मी दिसले नाही. बाकीच्यांना दिसले. कुणी त्याला गप्प केलं नाही.

घरी कंग्राळीला पोचेपर्यंत बसमध्ये दात आवळून बसले होते. आईला सांगितलं. "सोड गं, नोकरी टिकव," म्हणाली. हिनं आयुष्यभर सोडलं म्हणून तर मला आज हे ऐकावं लागतं! तिला असं बोलायला नको होतं. बोलले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीआधीची सर्व्हिसिंग. निपाणीच्या गाडीचं तेल बदललं. जुना फिल्टर नागेंद्रनंच पाठवला, वर निरोप — "मॅडमना म्हणावं, ह्यात बी शोधा काय घावतंय का."

शोधलं की! फिल्टर शिकंज्यात अडकवला, भीमाप्पानं धरला, मी हॅकसॉनं कापला. आतल्या कागदाच्या घड्या उलगडून रॉकेलमध्ये धुतल्या. तळाशी बारीक साली बसल्या. लोहचुंबक फिरवला — एकही हलली नाही. लोखंड नाही ते. प्रत्येक साल एका बाजूनं करडी, दुसऱ्या बाजूनं तांबूस. शेंदरातून तांब्याच्या साली पडत नाहीत. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग सोलून निघतंय. वरचा थर केव्हाच गेला, आता तांबं सुटायला लागलंय.

भीमाप्पा वाकून बघत होता. "चकाकतंय की. काय हाय आक्का?"

जिभेवर आलं होतं. बाहेर नागेंद्रचा आवाज आला, कुणाला तरी खिदळून काहीतरी सांगत होता. शेंदूर हा शब्द मी नीट ऐकला.

"काही नाही," म्हटलं. "जा, गाडी काढ."

साली कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. कुलूप लावलं.

१६ ऑक्टोबर

होऊ दे बंद. तवंदी घाटाच्या चढावर भर रस्त्यात बंद पडू दे! इंजिन जाम, धूर, आणि हा अण्णा दोरखंड घेऊन ओढायला येतोय — हे मला बघायचंय. मग साली मालकांच्या टेबलावर ठेवीन. तेव्हा म्हणावं, तुमच्यात.

बंद पडेल, एवढंच. चढावर गाडी हळूच असते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी चढ असतो. संध्याकाळी तोच उतार असतो.

उतारावर इंजिन जाम झालं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची हवा भरायची थांबते. मला हे शिकवावं लागत नाही. गाडीत कारखान्याच्या बायका असतात, डबे मांडीवर घेऊन पेंगणाऱ्या. कडेच्या जागाही भरलेल्या.

सोमवारी सांगेन.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. फराळाचा डबा सगळ्यांच्या टेबलांवर फिरला. माझं टेबल ओलांडून गेला. नागेंद्र फिरवत होता.

नाही सांगितलं.

२७ ऑक्टोबर

भीमाप्पा म्हणाला, "गरम झाली की तेलाचा काटा खाली येतोय आक्का. अण्णाला सांगितलं, काय बोलला न्हाय." मी "बघते" म्हटलं. काय बघणार होते मी? मला सगळं दिसलेलं आहे. आणि तो बोलला नाही म्हणे! बोलेल कसा? बोलला तर मी बरोबर ठरते ना!

मला हा माणूस असह्य होतो. त्याची मिशी, त्याची चावी फिरवायची सवय, सगळं. असा द्वेष मी कधी कुणाचा केला नव्हता. रात्री झोप लागत नाही आणि त्याचाही राग त्याच्यावरच काढते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

शनिवारी एक नोव्हेंबर, कर्नाटकाचा स्थापना दिवस. दरवर्षीसारखं — इकडं राज्योत्सवाची मिरवणूक, तिकडं मराठी लोकांच्या काळ्या फिती, गाड्या सगळ्या आत. दोन दिवस तरी ती गाडी घाटात नसेल. एवढ्यानंच बरं वाटलं. काय दशा करून घेतलीये मी स्वतःची!

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या टेबलावर बेअरिंगचे दोन अर्धे तुकडे होते. तांबं निघून गेलेलं, एका कडेला लोखंड उघडं. नागेंद्र समोर उभा, डोळे लाल.

"शनिवारी उघडलं मॅडम. मालकास्नी न विचारता. तुम्ही बोलल्यापासनं डोक्यात किडा व्हता, पर चारचौघांत तोंड वाजवून बसलोतो... नको ते बोललो मी तुम्हाला. चुकलं." मग म्हणाला, "फिल्टर तुमच्याकडं धाडलाता. त्यात काय दिसलं न्हाय व्हय?"

"वेळच मिळाला नाही," मी म्हटलं. "कापलाच नाही."

भीमाप्पा दारात उभा होता. माझ्याकडे बघत राहिला. फिल्टर धरला होता तो त्यानंच. जाताना म्हणाला, "येतो मॅडम."

आजवर त्यानं मला आक्काच म्हटलंय.